फळा उतरवणं म्हणजे लिहिणं नव्हे: लिहायला शिकवताना या चुका टाळा

नवी मुंबईतलं दिघा, तुर्भे स्टोअर्स, नाहीतर त्याला लागूनचं कळवा-मुंब्रा. इथल्या संध्याकाळच्या कुठल्याही वर्गात डोकावा. एकाच सतरंजीवर भोजपुरी, तेलुगू, गोरमाटी (बंजाऱ्यांची बोली), आगरी, उर्दू बोलणारी पोरं आणि पुढ्यात वही मराठीची. दर जूनला नवे ताई-दादा येतात, मनापासून येतात आणि नेमक्या त्याच चुका करतात.

सगळ्यात मोठी चूक फळा उतरवून घेण्याची. तुर्भ्याच्या एका वर्गात दुसरीतली मुलगी होती, घरी भोजपुरी. वही अशी की दृष्ट लागावी. 'माझा आवडता प्राणी'वर पानभर निबंध, एक खाडाखोड नाही. तिच्या ताईंनी वहीचे फोटो ग्रुपवर टाकले, अंगठ्यांचा पाऊस पडला. मला शंका आली ती तिच्या मानेमुळे. 'गा' काढायला ती दोनदा मान वर करत होती, एकदा 'ग'साठी आणि एकदा कान्यासाठी. मी मध्येच फळा पुसला. 'ग' झाला होता, काना राहिला होता. पेन्सिल तिथेच थांबली. काय लिहितेस, विचारलं तर म्हणाली, "टीचर का गाय वाला." गावाकडची गाय कशी लाथ मारते हे मात्र तिने हातवारे करून सांगितलं. मग म्हटलं, हेच लिही. तिने बऱ्याच वेळाने लिहिलं, 'गइय लत मरल'. काने-मात्रे गायब, पण वाक्य तिचं स्वतःचं. आधीचा अख्खा निबंध फळ्याचा होता.

माझी सवय अशी: वाक्य फळ्यावर लिहायचं, सगळ्यांनी मिळून वाचायचं, पुसायचं आणि मग लिहायला सांगायचं. वह्या घाण दिसतात. पालक कुरकुरतात, पाहणीला येणारे त्याहून जास्त. कुरकुरू द्या. फोटोसाठी शिकवायचं असेल तर सरळ रांगोळीचा वर्ग काढावा.

दुसरी खोड लाल पेनाची. दिवाळे गावाकडच्या एका आगरी मुलाने लिहिलं होतं, 'बाबानी जालं सुकवलं'. बाईंनी 'जालं'चं 'झालं' वाचलं, अर्थ लागेना म्हणून सगळं वाक्यच खोडलं. अहो, मासे धरायचं जाळं! आगरीत 'ळ'चा 'ल' होतो, 'ण'चा 'न' होतो. पोराने कानावर पडलेला आवाज अचूक अक्षरात उतरवला होता. म्हणजे अर्धी लढाई त्याने जिंकलेली, आणि आपण त्यालाच आडवं केलं. त्यानंतर तो फक्त एक-दोन अक्षरी, बिनधोक शब्द लिहायचा. 'मी घर. ती घर.' असलं काहीतरी. अशा वेळी मी पेन खाली ठेवते. काल-काळ, माल-माळ, वेल-वेळ अशा जोड्या मोठ्याने म्हणवून घेते, 'ळ'ला जीभ वर वळते ते आरशात दाखवते. मग तोच मुलगा आपलं वाक्य शोधून दुरुस्त करतो. 'शाळा'ला 'साला' लिहिणाऱ्यांचंही हेच, तिथे आणखी 'स-श'ची जोडी घ्यायची. बोली चुकीची आहे असं चुकूनही म्हणू नका.

बाकीच्या चुका थोडक्यात. अननस आणि ऐरणीपासून सुरुवात कशाला? ऐरण घणसोलीच्या पोराने पाहिलेली नसते, बहुतेक तुम्हीही नाही. मुलाच्या स्वतःच्या नावातली अक्षरं आधी घ्या.

'दिवा', 'किती' लिहिताना मूल पहिली वेलांटी अक्षराच्या उजवीकडे काढतं, कारण ती ऐकू येते अक्षरानंतर. उर्दू आधी शिकलेल्यांची आणखी तारांबळ, त्यांचा हात उजवीकडून निघतो. डावीकडे बोटभर जागा सोडून आधी अक्षर काढायला सांगा, वेलांटी मागाहून.

ऱ्हस्व-दीर्घचा विषय पहिली-दुसरीत काढूच नका. आपल्या गावदेवीच्या वर्गणीचे फलक आधी तपासा, मग पोरांकडे वळा.

आणि पालकांना 'घरी मराठीच बोला' असं सांगणाऱ्यांपुढे तर मी हात टेकले. दिघ्यातली एक आई त्या सल्ल्यानंतर मुलाशी बोलायचीच कमी झाली, कारण तिला मराठी येत होतं ते बाजारापुरतं. रात्रीची गोष्ट बंद, तर सकाळी मूल लिहिणार कशाबद्दल? 2020च्या राष्ट्रीय शिक्षण धोरणातही शक्य तिथे निदान पाचवीपर्यंत घरची भाषा धरा, असंच म्हटलंय. आईने भोजपुरीत गोष्ट सांगावी, मूल वर्गात ती मोडक्यातोडक्या मराठीत सांगेल, अडलं तिथे हिंदी घुसडेल. घुसडू द्या. सांगून झालं की लगेच त्यातलं एक वाक्य लिहून घ्या.

'एका महिन्यात वाचन-लेखन' म्हणणारे हल्ली गल्लोगल्ली आहेत. 2021 साली सुरू झालेल्या केंद्राच्या निपुण भारत अभियानानेसुद्धा मुलांना लिहिता-वाचता यायला तिसरी संपेपर्यंतचा वेळ दिलाय. तुम्हाला कसली घाई आहे?