युद्ध नेमकं जिंकलं कोणी, हे कसं तपासायचं

ग्रुपवर पानिपत निघालं की दोन पार्ट्या पडतातच, म्हणून मी काय करतो ते सांगतो, कुठल्याही युद्धाला लावून बघा.

मेलेल्यांचे आकडे आणि घेतलेले किल्ले आधी बाजूला ठेवा. घरातून निघताना गड्याला हवं काय होतं ते शोधा. औरंगजेबाने 1689 ला रायगड घेतला, 1698 ला जिंजी, 1700 ला सातारा, स्कोअरकार्ड बघितलं तर जिंकतच चाललाय, पण त्याला मराठ्यांचं राज्य संपवायचं होतं आणि तेच संपेना, 1707 ला नगरला मेला तेव्हाही युद्ध चालूच.

मग समोरच्याने कागदावर काय कबूल केलं ते बघायचं. यासाठी पालखेड बेस्ट (वैजापूरकडचं हं, नाशिकचं धरणवालं नाही). निजामाने चौथाई (मराठ्यांना द्यायचा महसुलाचा चौथा हिस्सा) अडवली आणि शाहूंच्या विरोधात त्यांच्याच चुलतभावाला, कोल्हापूरच्या संभाजींना, पुढे केलं. बाजीराव त्याच्या अंगावर गेलेच नाहीत, बऱ्हाणपूरची हूल दिली आणि गुजरातेत घुसले, निजाम चिडून पुण्यात येऊन बसला, मग हे औरंगाबादकडे वळल्यावर त्याला धावत मागे फिरावं लागलं, जड तोफा वाटेत सोडून, आणि पालखेडला असा कोंडला की धड पाणीपण मिळेना. मोठी मारामारी अशी नाहीच! 6 मार्च 1728 ला मुंगी-शेवगावचा तह झाला, चौथाई आणि सरदेशमुखी (वरचा दहावा हिस्सा) मान्य आणि संभाजींची साथपण सोडली. मला विचाराल तर जिंकणं हेच.

तिसरं म्हणजे दहा वर्षं पुढे जाऊन बघा. पानिपतला 14 जानेवारी 1761 ला आपण हरलो, यात वाद घालू नका राव. पण अब्दालीला दिल्लीत राहता आलं नाही, फौजेला थकलेला पगार आणि घर हवं होतं, आणि 1771 मध्ये महादजी शिंदे परत दिल्लीत. मात्र पंजाब गेला तो गेलाच, आणि अब्दालीला आपण मुळात तिथूनच हटायला हवे होतो, म्हणजे पहिल्या प्रश्नावर मार्क त्यालाच. हा भाग फॉरवर्डवाले खातात.

सरावाला पुण्याजवळचं वडगाव घ्या. जानेवारी 1779 ला इंग्रज शरण आले, तह लिहून दिला, मग मुंबईच्या इंग्रजांनी तो मानलाच नाही. 1782 ला सालबाईला मिटलं तेव्हा त्यांनी राघोबाला (ज्याला पेशवा करायला ते निघाले होते) सोडून दिलं, मुंबईजवळचं साष्टी बेट मात्र ठेवून घेतलं.