आरएक्स-७ मधला बूस्ट क्रीप: एक्झॉस्टमध्ये छिद्राची प्लेट

मोकळा एक्झॉस्ट बसवला की टर्बोच्या माझदा आरएक्स-७ या रोटरी इंजिनच्या स्पोर्ट्स कारमध्ये मूळ वेस्टगेट (जादा एक्झॉस्ट वायू टर्बोला वळसा घालून सोडणारी झडप) अपुरा पडतो आणि आरपीएमबरोबर बूस्टही (टर्बोने दिलेला हवेचा दाब) चढत जातो. हाच बूस्ट क्रीप.

१. बूस्ट कंट्रोलर (बूस्ट ठरवणारं उपकरण) काढून वेस्टगेटची नळी थेट अ‍ॅक्च्युएटरला (वेस्टगेट उघडणाऱ्या भागाला) जोडा. तरीही बूस्ट चढला तरच तो क्रीप. (नुसती फुटकी नळी निघाली तर पुढचा खटाटोप वाचला.)

२. एक्झॉस्ट थोडा अरुंद करायला, डाउनपाइपच्या (टर्बोनंतरच्या एक्झॉस्ट पाइपच्या) मागच्या फ्लँजमध्ये (बोल्टच्या जोडात) ३ ते ५ मिमी जाडीची, मधे छिद्र असलेली स्टीलची प्लेट बसवा, दोन्ही बाजूंना गास्केट. पाइप ७६ मिमी असेल तर मधलं छिद्र ५० मिमीपासून सुरू करा. छिद्र वाढवता येतं, कमी करता येत नाही.

३. गार हवेत, बंदिस्त ट्रॅकवर, तिसऱ्या गिअरमध्ये पूर्ण थ्रॉटल. उन्हाळ्यातल्या चाचणीवर विसंबू नका. थंड, दाट हवेत क्रीप जास्त होतो. काटा ठरल्या बूस्टच्या वर सरकला की लगेच पाय काढा. स्थिर राहिला तर छिद्र २-२ मिमी वाढवत जा. क्रीप परत दिसेल त्याच्या आधीचं माप पक्कं.

सावधान: प्लेटमुळे एक्झॉस्टचं तापमान वाढतं आणि रोटरीचे एपेक्स सील (रोटरच्या टोकांवरच्या पट्ट्या) एका जोरदार नॉकमध्येही (इंधनाच्या अवेळी, स्फोटासारख्या ज्वलनातही) तुटू शकतात. कायमचा इलाज म्हणजे वेस्टगेटचं भोक मोठं करून घेणं.