मॅक्रोसाठी कॅमेरा घेता? पहिले लेन्स पाहा, बॉडी मागून

मॅक्रोसाठी, म्हणजे बारीक गोष्टी एकदम जवळून काढायला, कोणता कॅमेरा घेऊ असं कोणी विचारलं की मी उलटं विचारतो, भाऊ काढायचं काय आहे? कारण पऱ्हाटीचं फूल काढणं अन् त्याच पऱ्हाटीच्या पानाखालचा तुडतुडा काढणं ही दोन वेगळी कामं आहेत, अन् त्यात मेगापिक्सेलनं काही होत नाही, लेन्सनं होते.

रेशो समजून घ्या. १:१ म्हणजे किडा जेवढा आहे तेवढाच सेन्सरवर, म्हणजे कॅमेऱ्यातल्या फोटो टिपणाऱ्या पट्टीवर, पडते. तुडतुडा साधारण ३ मिमीचा. फुलफ्रेम सेन्सर ३६ मिमी रुंद, म्हणजे १:१ करूनही तो फ्रेमचा बारावा हिस्साच भरते, त्याहून लहान एपीएस-सी (क्रॉप) सेन्सरवर आठवा अन् आणखी लहान मायक्रो फोर थर्ड्सवर जवळपास सहावा. म्हणून बारीक किड्यांसाठी महागड्या फुलफ्रेमच्या मागं लागू नका, लहान सेन्सर इथं सोयीचा पडते. अन् मॅक्रो लिहिलेल्या झूमला भुलू नका बाप्पा, ७०-३०० वाल्या कित्येकांवर ते लिहिलेलं असते अन् रेशो निघते १:२, म्हणजे निम्मंच.

खरा प्रश्न अंतराचा आहे. १:१ ला १०० मिमीच्या लेन्सच्या तोंडापासून किडा साधारण वीतभरापेक्षा थोडा कमी दूर राहते, ६० मिमीत त्याहून बराच जवळ, अन् निकॉनच्या ४० मिमीत तर जेमतेम दोन-तीन बोटं. इतक्या जवळ गेलं की लेन्सची सावलीच पडते, तुडतुडा तिरका चालत पानाच्या दुसऱ्या बाजूला, अन् तुम्ही वावरात गुडघ्यावर बसून पान उलटत राहता. मिरगाचा लाल मखमली किडा मात्र जमिनीवर हळूहळू चालते, आकारानंही मोठा, तो ६० मध्ये पण आरामात निघते. म्हणून फुलं अन् संथ किडे असले तर ६०, बाकी सगळ्यासाठी ९० ते १०५.

आता सिस्टीम. बजेट कमी असलं तर माझं मत सरळ आहे, सेकंडहँड कॅनन क्रॉप डीएसएलआर अन् ईएफ १०० मिमी एफ २.८ मॅक्रो. उद्या मिररलेस घेतलं तरी ही लेन्स अ‍ॅडॉप्टरवर ऑटोफोकससकट चालते. निकॉनमध्ये मॅक्रोला मायक्रो म्हणतात, तसं शोधा, पण जुनी एएफ-डी लेन्स स्वस्तात दिसली तर थांबा, तिचा ऑटोफोकस बॉडीतल्या मोटरवर चालते, अन् डी३५०० किंवा डी५६०० सारख्या बॉडीत मोटर नाही, फोकस हातानंच फिरवावा लागते, निकॉनच्या मिररलेसवर जुन्या लेन्स लावायच्या एफटीझेड अ‍ॅडॉप्टरवरही तेच. तसं १:१ ला बहुतेक जण फोकस हातानंच करतात अन् स्वतःच मागंपुढं डोलतात, पण पैसे देताना माहीत पाहिजे ना.

सोनीची ९० मिमी मस्त आहे, पण खिशाला जड. दिवसभर धुऱ्या-धुऱ्यानं हिंडायचं असलं तर ऑलिंपसची ६० मिमी, वजन दोनशे ग्रॅमच्या आत, अन् त्यांच्या बऱ्याच बॉडीत फोकस स्टॅकिंगसाठी (वेगवेगळ्या फोकसचे फोटो जोडून एक करायला) एकामागोमाग फोटो आपोआप निघतात. मावा, अंडी, फुलकिडे असंच बारीक पाहिजे तर १:१ च्या वरचं लागते, लाओवाची १०० मिमी २:१ पर्यंत, म्हणजे दुप्पट, जाते, फोकस तेवढा मॅन्युअल.

अन् आत्ताच एवढा खर्च नको वाटत असला तर घरी पडलेल्या ५५-२५० झूमवर रेनॉक्स डीसीआर-२५० ही पुढं लावायची क्लोजअप काच लावा अन् एक सीझन काढा, मग कळते आपल्याला किती जवळ जायचं आहे ते. फ्लॅशचे पैसे मात्र बाजूला ठेवाच, एफ ११ वर, म्हणजे लेन्सचं छिद्र बारीक करून, ढगाळ दिवसात हातात धरून काही निघत नाही, फ्लॅशपुढं पांढऱ्या फोमचा तुकडा लावला की उजेड मऊ करणारा डिफ्यूजर झाला.

तालुक्यातल्या लग्नवाल्या फोटोग्राफरकडं कोणती बॉडी आहे तेही विचारा, तुमची लेन्स तिच्यावर लावून पाहता येते. सेकंडहँड घेताना लेन्समधून टॉर्च मारून बुरशी पाहा, आपल्याकडं पावसाळ्यात कपाटात पडलेल्या लेन्सला ती हमखास धरते, अन् फोकस रिंग पूर्ण फिरवून पाहा, धुळीचा करकर आवाज आला तर भाव करत बसू नका, परत द्या.