फोर्जिंगचा जॉब वरून मऊ का निघाला

डिफेन्सचे पार्ट करणाऱ्या व्हेंडरकडे मुलाखतीला गेलात की एक प्रश्न बहुधा येतोच: हा पार्ट फोर्जिंग (तापवून ठोकून), कास्टिंग (ओतून) की बारमधून (सळईतून कापून) काढाल? डिप्लोमा करून मी सोलापूरजवळच्या चिंचोळी एमआयडीसीत लागलो तेव्हा माझं उत्तर पाठ होतं, 'फोर्जिंग सगळ्यात मजबूत.' कोणती पद्धत सगळ्यात चांगली, हे सांगणारे नोट्समधले तक्ते पाठ करू नका. निर्णय त्यांच्यावर होत नाही.

कलाश्निकोव्ह रायफलचंच (एके-४७) बघा. सुरुवातीला बॉडी दाबलेल्या पत्र्याची होती. कारखान्यात रिजेक्शन फार, म्हणून १९५० च्या दशकात ती अखंड पोलादातून मिलिंग करून काढू लागले. १९५९ मध्ये तिची सुधारित आवृत्ती एकेएम आली आणि पुन्हा पत्रा, कारण वजन आणि वेळ वाचला. अमेरिकेच्या एम-१६ रायफलची बॉडी मात्र ७०७५ ॲल्युमिनियमच्या फोर्जिंगची. ट्रिगर-सेफ्टीसारखे छोटे पार्ट हजारोंनी लागतात तेव्हा धातूची भुकटी बाइंडरसह साच्यात भरून भट्टीत भाजतात. तुकडा लांबीत १५ ते २० टक्के आकसतो, त्या हिशेबानेच साचा करावा लागतो. आणि ओतीव म्हणजे दुय्यम, असं सोलापूरकराने तरी म्हणू नये. इथल्या कॅमशाफ्टच्या लोबवर (उंचवट्यावर) साच्यातच चिल, म्हणजे उष्णता पटकन ओढणारा धातूचा तुकडा, ठेवून कडकपणा आणतात.

आता माझी चूक. ईएन-१९ या मिश्र पोलादाचा एक लिव्हर, फोर्जिंग करून. मी मशिनिंगला बाजूला जेमतेम अर्धा मिलिमीटर अलाउन्स (कापून काढायचा जादा धातू) ठेवला. हार्डनिंग-टेंपरिंग (तापवून, झटकन थंड करून, पुन्हा थोडं तापवून) होऊन लॉट आला. ड्रॉइंगवर ४५ ते ५० एचआरसी (रॉकवेल मशीनवर मोजलेला कडकपणा), मशीन दाखवतंय ३६. मी थेट हीट ट्रीटमेंटवाल्याशी भांडलो. त्यांनी तोच लॉट पुन्हा हार्डन करून दिला, तरी आकडा तोच.

शेवटी आमच्या क्यूसीतल्या (तपासणी विभागातल्या) काकांनी एक जॉब कापला, पॉलिश केला, नायटल (पोलादाची रचना दाखवणारं सौम्य आम्ल) लावलं आणि मला मायक्रोस्कोपकडे ढकललं. काठाला पांढरी पट्टी! फोर्जिंगसाठी उघड्या भट्टीत १२०० अंशांच्या आसपास तापताना हवेतला ऑक्सिजन पोलादाच्या पृष्ठभागातला कार्बन खातो. कार्बन गेला की क्वेंच (तापवून झटकन थंड) कितीही करा, तो थर कडक होणारच नाही. आतला गाभा ४८ होता. हीट ट्रीटमेंटवाल्याची चूक नव्हती. मी जाऊन माफी मागितली.

कार्बन गेलेल्या या थराला डिकार्ब म्हणतात. तो मशिनिंगमध्ये पूर्ण निघेल इतका अलाउन्स हवाच, आणि जिथे मशिनिंग होणार नाही तिथे किती डिकार्ब चालेल ते ड्रॉइंगवर लिहून घ्या. बार घेतला म्हणून सुटलात असंही नाही. काळ्या (गरम रोल केलेल्या) बारवर डिकार्ब असतोच. ब्राइट बार ओढून केलेला असेल तर थर तसाच राहतो, सोललेला असेल तरच जातो. पीओवर (खरेदी ऑर्डरवर) फक्त 'ब्राइट' लिहिणारे फसतात. शंका आली तर एका जॉबवरून थोडं ग्राइंड करून पुन्हा हार्डनेस घ्या. आकडा चढला तर दोष वरच्या थराचा, क्वेंचचा नाही.

घाबरू नका, पहिल्या वर्षात हे कुणालाच येत नाही. पण 'रॉकवेल करून पाठवून दे, बाकी चालतं' म्हणणाऱ्या सिनियरपेक्षा जॉब कापून दाखवणारा माणूस शोधा, तो चिडका असला तरी. आणि कॉलेजच्या मेटलर्जी लॅबमध्ये मायक्रोस्कोप असतो. परीक्षेआधी लॅब असिस्टंटला विनवा, काळ्या बारचा एक तुकडा कापून न्या आणि ती पांढरी पट्टी स्वतः बघा.