प्लास्टर निघाल्यानंतरचा पहिला गड

माझा पाय कुठल्या कड्यावर मोडला असता तर निदान सांगताना तरी बरं वाटलं असतं. गड उतरून झाला होता, पायथ्याचं देऊळ दिसत होतं आणि चहा कुठे प्यायचा यावर मी मागे वळून बोलत होते. मुरमावर उजवा पाय सरकला, पाऊल आत वळलं आणि बाहेरच्या अंगाचं घोट्याचं हाड गेलं. एक पट्टी, सहा स्क्रू, सहा आठवडे पाय टेकायचा नाही. ही फेब्रुवारीची गोष्ट. पुढचा गड डिसेंबरात. मधल्या दहा महिन्यांत जे केलं, जे करायचं राहून गेलं आणि जे उगाच केलं, ते तुमच्यासाठी मांडते आहे. घोटा असो की गुडघा, सूत्र एकच: तयारी उताराची करा. चढताना फार तर दम लागतो. पाय फसतो तो उतरताना.

सुरुवात डॉक्टरांपासून, पण त्यांना नेमकं विचारा. ‘ट्रेकला जाऊ का?’ असं विचारलंत तर उत्तर ‘जा, पण जपून’ एवढंच मिळतं, आणि त्यातून काहीच कळत नाही. मी कागदावर लिहून नेलं होतं: साधारण सहाशे मीटर चढ, तेवढाच उतार, वाट दगडधोंड्यांची, पाठीवर पाच किलो, एकूण पाच तास. ते वाचून डॉक्टरांनी चष्मा काढला, नवा एक्स-रे काढायला सांगितला आणि मग म्हणाले, अजून दोन महिने थांबा. हाड साधारण दीड-दोन महिन्यांत सांधतं, पण लिगामेंट, पोटरी आणि तोल यांचं वेळापत्रक वेगळं असतं. सूज तर कित्येक महिने संध्याकाळी हजेरी लावते, तिला घाबरायचं कारण नाही. मात्र एकाच पोटरीला अचानक सूज आली, ती गरम लागली, दुखू लागली किंवा दम लागायला लागला, तर व्यायाम-बियाम बाजूला ठेवून त्याच दिवशी दवाखाना गाठा. रक्ताची गुठळी झाली असेल तर ती थांबून राहत नाही.

मग घरातल्या चाचण्या. यांना पैसे लागत नाहीत. भिंतीसमोर उभं राहा, टाच न उचलता गुडघा भिंतीला टेकवा, टेकला की पाऊल थोडं मागे घ्या, पुन्हा टेकवा. टाच उचलावी लागायच्या आधीचं सगळ्यात लांब अंतर अंगठ्यापासून भिंतीपर्यंत पट्टीने मोजा. माझ्या डाव्या पायाचं अकरा सेंटिमीटर होतं, उजव्याचं पाच. हा फरक दीड-दोन सेंटिमीटरवर येईपर्यंत गडाचं नाव काढायचं नाही, असं माझ्या फिजिओताईंनी बजावलं. कारण साधं आहे. पायरी उतरताना वर राहिलेल्या पायाचा घोटा पुढे वाकावा लागतो. तो वाकला नाही की टाच लवकर उचलली जाते आणि पुढचा पाय धप्पकन आपटतो. याच चाचणीचं देशी रूप म्हणजे टाचा टेकवून उकिडवं बसणं. पायथ्याच्या गावात शौचालय बहुधा भारतीयच असतं, आणि जेवायचं घराच्या ओट्यावर मांडी घालून. आधी हे दोन्ही जमवा.

दुसरी चाचणी तोलाची. दात घासताना दुखऱ्या पायावर उभं राहा. अर्धा मिनिट जमलं की डोळे मिटून पाहा. मी पहिल्या दिवशी तीन सेकंदांत बेसिनला धरलं होतं. लिगामेंट ताणलं जातं तेव्हा पाऊल कुठे नि कसं पडलंय याची मेंदूला जाणारी खबरही बिघडते. खबर उशिरा पोचली की पाय पुन्हा तसाच वळतो. म्हणून हा व्यायाम किरकोळ वाटला तरी सोडू नका. तिसरी चाचणी: भिंतीला बोट लावून एका पायावर टाच उचलणं. वीस-पंचवीस वेळा, न डगमगता आणि शेवटची टाच पहिलीइतकीच उंच. चौथी माझी सगळ्यात नावडती. जिन्याच्या एका पायरीवर दुखऱ्या पायावर उभं राहायचं आणि दुसऱ्या पायाची टाच मनात चार आकडे मोजत खालच्या पायरीला टेकवायची, टेकली की पुन्हा वर. पंधरा-पंधराच्या तीन फेऱ्या. उतरताना मांडीचे स्नायू ताणले जात असतानाच भार पेलतात, ब्रेकसारखे. चढून चढून ही सवय होत नाही, त्यासाठी उतरावंच लागतं. चढाचा सराव करून करून माझा दम छान वाढला आणि पहिल्या उतारानंतर तीन दिवस मला कमोडवर बसता येईना, ते याच चुकीमुळे.

दुखलं तर काय? शून्य ते दहात तीनपर्यंतचं दुखणं चालतं. त्याहून जास्त नको, आणि दुसऱ्या दिवशी सकाळपर्यंत ते व सूज दोन्ही पूर्वपदावर यायला हवं. नाही आलं, तर कालचं काम जास्त झालं एवढंच. निम्मं करा.

घराबाहेरचा पहिला मुक्काम टेकडी. पुण्यातल्यांना पर्वती सोयीची: 103 पायऱ्या, रुंद, शेजारी कुणी ना कुणी आजोबा आपल्यापेक्षा हळू चालत असतातच. पायऱ्यांचा नियम दवाखान्यातच शिकवतात, ‘चढताना चांगला पाय आधी, उतरताना दुखरा पाय आधी’. हा नियम सोडता येईल तेव्हाच पुढे जा, म्हणजे दोन्ही पाय आळीपाळीने, कठड्याला हात न लावता. त्यानंतर वेताळ टेकडी किंवा तळजाई, कारण पायरी सरळ असते आणि वाट तशी नसते. इथे एक युक्ती सांगते. सॅकमध्ये पाण्याच्या दोन लिटरच्या दोन बाटल्या भरून वर जायचं, पाणी टेकडीवरच्या रोपांना घालायचं आणि रिकाम्या सॅकने उतरायचं. चढताना वजनाचा सराव होतो, उतरताना घोट्यावर भार येत नाही, रोपंही जगतात. टेकडीवर रोज पाणी नेणारी मंडळी आहेतच, त्यांनी मला आपलंच मानलं. दोन आठवड्यांनी एक बाटली भरलेलीच खाली आणली, मग दोन्ही.

ऋतूचा विचार करा. डॉक्टरांनी मला जुलैअखेर परवानगी दिली, आणि सगळे फोटो टाकायला लागले होते तेव्हा मी घरी बसले. पावसाळ्यात कातळावर शेवाळ असतं, पायऱ्यांवरून पाणी वाहतं, चिखलात पाऊल कुठे टेकलं ते दिसत नाही. नव्या घोट्याची परीक्षा तिथे नको. मार्च-एप्रिलमध्ये उलटा त्रास, गवत वाळून वाट निसरडी होते आणि घसारा, म्हणजे उतारावरची सुटी खडी-माती, मोकळा होतो. दिवाळीनंतर ते संक्रांतीपर्यंतचे दिवस चांगले: माती बसलेली, हवा थंड. फक्त दिवस लहान असतो हे लक्षात ठेवा.

आता बूट. माझे माळ्यावर पिशवीत नीट गुंडाळून ठेवले होते. नोव्हेंबरात काढले, सोसायटीच्या आवारात चार पावलं टाकली आणि डाव्या बुटाचा तळ जिभेसारखा लोंबायला लागला. न वापरता ठेवलेल्या बुटांचं असंच होतं. दमट हवेत तळाचा फोम आतून विरतो, वरून काही कळत नाही. गडाच्या मध्यावर सुतळीने तळ बांधून उतरणारे लोक मी पाहिले आहेत. त्यामुळे जुने बूट आधी टेकडीवर दोनदा घालून बघा. नवे घ्यायचे तर संध्याकाळी घ्या, पाय तेव्हा किंचित सुजलेला असतो. ज्या मोज्यांवर घालणार ते मोजे नि घोट्याचा पट्टा सोबत न्या, आणि दुखऱ्या पायाच्या मापाने घ्या, तो अर्धा नंबर मोठा निघू शकतो. बोटं पुढे आपटत नाहीत ना हे दुकानातच एखाद्या उतरणीवर किंवा पायरीवर बघा. आदल्या दिवशी नखं कापा. घोट्याजवळचं सगळ्यात वरचं जे भोक आपण कधीच वापरत नाही ना, ते टाच मागे घट्ट धरून ठेवण्यासाठी असतं. नाडी त्यातून ओवा.

काठी हवीच. दोन असल्या तर उत्तम. सपाटीवर कोपर काटकोनात येईल इतकी लांबी, उतारावर पाच-दहा सेंटिमीटर वाढवायची. पायथ्याला मिळणारी बांबूची काठीही चालते, पण एकच असेल तर चांगल्या पायाच्या बाजूच्या हातात धरा. पहिले काही दिवस मला काठीची लाज वाटायची, खोटं कशाला बोलू. सिंहगडच्या आटकरवाडीच्या वाटेवर डोक्यावर ताकाचा हंडा घेऊन वर जाणाऱ्या मावशी म्हणाल्या, ‘काठी म्हातारपणाची नसती ताई, उताराची असती.’ लाज गेली.

औषधांच्या पिशवीत क्रेप बँडेज, चिकटपट्टी, मीठ-साखरेची पाकिटं, नेहमीच्या गोळ्या. दुखणं मारणारी गोळी सोबत ठेवा, पण चढायला लागायच्या आधी घेऊ नका. घोटा ओरडत असेल तर ते ऐकू यायला हवं.

बाइकचा प्रश्न कुणाच्या यादीत नसतो, म्हणून लिहिते. उजवा घोटा मोडला असेल तर मागचा ब्रेक त्याच पायाने दाबायचा असतो. डावा मोडला असेल तर गिअर टाकताना चवडा वर उचलावा लागतो आणि नेमकी तीच हालचाल सगळ्यात उशिरा येते. शिवाय पायथ्याच्या खडीवर गाडी थांबवताना पाय टेकायचा असतो. परत येताना तर थकलेल्या पायाने. पहिल्या वेळी चारचाकीत मागे बसून जा, किंवा एसटीने.

गड कोणता? इथे माझं मत ठाम आहे. पहिला गड असा हवा, जिथून पायी न उतरताही परत येता येईल. सिंहगड त्यासाठी सोन्यासारखा आहे. लोक त्याला नाकं मुरडतात, मुरडोत. आटकरवाडीतून पायवाटेने चढा, देवटाक्याचं पाणी बघा, पिठलं-भाकरी आणि मडक्यातलं दही खा आणि वडापच्या जीपने खाली या. घाटरस्ता चालू आहे ना एवढं आधी विचारून घ्या, दरड पडली की तो बंद असतो. दुसऱ्या फेरीत अर्धी वाट पायी उतरा. तिसऱ्यात पूर्ण. कोकणाच्या बाजूला असाल तर रायगडचा रोपवे हेच काम करतो. त्यानंतर कोरीगड: पेठ शहापूरहून पायऱ्या, वर सपाटी, तटावरून निवांत फेरी. लोहगडही पायऱ्यांचा, पण 2025 मध्ये जागतिक वारशाच्या यादीत आल्यावर तिथे रविवारी काय गर्दी असेल ते तुम्हीच समजा. गणेश दरवाज्याच्या वळणावर मागून रेटा आला तर काठीचं काही चालत नाही. मधल्या वारी जा. कळसूबाईच्या शिड्या, हरिहरच्या उभ्या पायऱ्या, राजगडचा चोर दरवाजा हे सगळं जागच्या जागी राहतं. कळसूबाईचं शिखर 1646 मीटरच राहणार आहे, पुढच्या वर्षीही.

सोबत तिघं-चौघं पुरे. चाळीस जणांच्या बॅचमध्ये जाऊ नका. तिथे कुणी वाईट नसतं, पण सगळ्यांसाठी थांबायची वेळ एकच असते. सोबत्यांना पायाबद्दल आधीच सांगा, आणि त्यात एक जण तरी असा हवा, जो अर्ध्यातून परत फिरताना तोंड वाकडं करणार नाही. परत फिरायची वेळ घरी ठरवा. आमची साडेअकरा होती, माथा येवो न येवो. घरी कुणाला तरी गड, वाट आणि परतायची वेळ कळवून ठेवा. अ‍ॅम्ब्युलन्सचा 108 सगळ्यांना पाठ असतो, पण डोंगरावरून उचलून आणणारी माणसं वेगळी. महाराष्ट्र माउंटेनियर्स रेस्क्यू कोऑर्डिनेशन सेंटरचा मदत क्रमांक निघण्याआधी मोबाइलमध्ये घाला. वर रेंज असेलच असं नाही, म्हणून शिटीही.

आणि उतारावर: पावलं लहान, गुडघे थोडे वाकलेले. मुरमावर टाच रोवू नका, पूर्ण तळवा टेकवा. फार तीव्र असेल तर आडवं उतरा. जमत नसेल तर बूड टेका, चड्डी धुता येते. बोलायचं असेल तर थांबून बोला. मागे वळून तर मुळीच नाही. थकवा येतो तो शेवटच्या अर्ध्या तासात, गाडी दिसायला लागली की लक्ष उडतं. तिथे मुद्दाम पाच मिनिटं बसा, पाणी प्या, नाड्या पुन्हा बांधा.

मी ते केलं. शिवाय एका ठिकाणी पाय हललाच नाही. वाट तशी सोपी होती, पुरुषभर उंचीचा मुरमाड उतार, फक्त रंग तोच, तांबूस. तळवे घामेजले. पुढच्याने हात पुढे केला, पण मला हात नको होता, वेळ हवा होता. पाच-सात मिनिटं गेली असतील. मग काठ्या रोवून उतरले. तुमच्या यादीत ही मिनिटं आधीच धरून ठेवा.

घरी आल्यावर पाय उशीवर, कापडात गुंडाळलेला बर्फ पंधरा-वीस मिनिटं. रात्री शिवणाची टेप घेऊन घोट्याभोवतीचं माप घ्या आणि लिहून ठेवा. सकाळी पलंगावरून पहिलं पाऊल टाकताना काय होतं ते बघा, मग पुन्हा माप घ्या. माझं रात्री साडेसव्वीस होतं, सकाळी पंचवीस. चहा टाकला आणि ग्रुपवर विचारलं, पुढच्या रविवारी कोण मोकळं आहे.