कर्ज फिटलं, पण बोजा उतरला का? खातं बंद करताना या चुका टाळा

शेवटचा हप्ता कापल्याचा मेसेज आला की बहुतेक जण कर्जाची फाइल माळ्यावर टाकतात. पण सातबाऱ्यावर, आरटीओत आणि सोसायटीच्या दप्तरात बँकेचं नाव, म्हणजेच बोजा, तसंच बसलेलं असतं. घर किंवा गाडी विकायला काढली की ते वर येतं, आणि तोवर कर्ज देणारी शाखा दुसऱ्या शाखेत विलीन झालेली असते.

ॲपमधला आकडा भरून मोकळं होणं

ॲपमध्ये दिसते ती बहुधा शिल्लक मुद्दल. मागच्या हप्त्यानंतरचं व्याज आणि थकलेलं शुल्क त्यात नसतं. तेवढे तीन-चारशे रुपये राहिले तरी खातं उघडं राहतं आणि थकबाकी म्हणून सिबिलला, म्हणजे कर्जफेडीची नोंद ठेवणाऱ्या क्रेडिट कंपनीला जातं. म्हणून फोरक्लोजर लेटर, म्हणजे खातं बंद करायला नेमके किती भरायचे ते सांगणारं बँकेचं पत्र मागा. त्यात रक्कम, ती कोणत्या तारखेपर्यंत चालेल आणि पुढे रोजचं व्याज किती, हे तिन्ही हवं. हप्ता कापून गेल्यावर दोन-तीन दिवसांत पैसे भरले तर दुहेरी कपात टळते. नॅच मँडेट, म्हणजे हप्ता आपोआप कापायला दिलेली परवानगी, खातं बंद झाल्याचं पत्र हातात पडल्यावरच रद्द करा.

लेटरमध्ये मुदतपूर्व फेडीचं शुल्क लावलंय का, तेही पाहा. व्यक्तीनं धंद्याव्यतिरिक्त कारणासाठी बदलत्या व्याजदरानं घेतलेल्या कर्जावर ते लावता येत नाही. पैसे स्वतःचे की दुसऱ्या बँकेतून आणलेले, याचाही संबंध नाही. स्थिर दराच्या कर्जाला मात्र करार वाचावा लागतो. कर्ज १ ऑक्टोबर २०२४ नंतरचं असेल तर की फॅक्ट स्टेटमेंट, म्हणजे कर्जाच्या अटी आणि शुल्कं लिहिलेला बँकेचा कागद काढा. त्यात न लिहिलेलं शुल्क तुमच्या स्पष्ट संमतीशिवाय आकारता येत नाही.

कागद तोंडी मागणं

सगळ्यात महागात पडणारी चूक हीच. रिझर्व्ह बँकेच्या १३ सप्टेंबर २०२३ च्या परिपत्रकानुसार पूर्ण फेडीनंतर ३० दिवसांत मूळ कागद परत करायचे आणि नोंदवलेला बोजा उतरवायचा, ही बँकेची जबाबदारी आहे. उशीर बँकेमुळे झाला तर दिवसाला ५,००० रुपये भरपाई. ५ जूनला कर्ज फिटलं आणि कागद २५ जुलैला मिळाले, तर मुदत ५ जुलैला संपली. २० दिवसांचे १ लाख रुपये होतात.

मग वाद कशावर होतो? ‘ग्राहकच न्यायला आला नाही’ यावर. त्यामुळे पैसे भरले त्याच दिवशी मेल करा: ‘कर्ज खाते क्रमांक अमुक, आज पूर्ण फेडले. मूळ कागदपत्रे अमुक शाखेतून घ्यायची आहेत, तारीख कळवावी.’ शाखेत अर्ज दिलात तर दुसऱ्या प्रतीवर शिक्का आणि तारखेसह पोच घ्या. कागद कर्जाच्या शाखेतून घ्यायचे की जिथे ते आहेत त्या दुसऱ्या कार्यालयातून, ही निवड तुमची.

ताब्यात घेताना कर्जाच्या वेळी मिळालेली कागदांची यादी समोर ठेवा. खरेदीखत, इंडेक्स-टू, नोंदणीची पावती, आधीच्या मालकांचे करार, शेअर सर्टिफिकेट, सही करून दिलेले कोरे चेक. एकेक कागद यादीशी ताडून पाहिल्याशिवाय ‘सर्व मिळाले’ यावर सही नको. कागद गहाळ असेल तर प्रमाणित प्रत मिळवून देण्याचा खर्च बँकेचा. त्यासाठी तिला आणखी ३० दिवस मिळतात आणि भरपाई ६० दिवसांनंतर सुरू होते. त्याच घरावर टॉप-अप, म्हणजे वाढीव कर्ज चालू असेल तर कागद सुटणार नाहीत, हे आधीच तपासा.

एनओसी (बँकेचं ना-हरकत पत्र) फाइलला लावून विसरणं

सेरसाई या केंद्रीय नोंदणीतला बोजा बँकेनंच उतरवायचा. शेतजमीन असेल तर बँकेचं पत्र जोडून तलाठ्याकडे किंवा ई-हक्क या सरकारी पोर्टलवरून अर्ज करा. फेरफार मंजूर झाल्यावर नवा सातबारा काढून ‘इतर अधिकार’चा रकाना स्वतः वाचा. फ्लॅटसाठी सोसायटीच्या दप्तरातली नोंद काढून घ्या. गाडीवरचा बोजा आरटीओत उतरवायला फॉर्म ३५ च्या सही-शिक्क्याच्या दोन प्रती लागतात. एनओसीवरची मुदत बघा. ती उलटली तर पुन्हा बँकेच्या फेऱ्या. विमा पॉलिसीवरूनही बँकेचं नाव काढायला सांगा.

‘सेटलमेंट’ला ‘क्लोजर’ समजणं

वसुलीवाला ‘एवढे भरा, खातं बंद’ म्हणतो. ती तडजोड असते, क्रेडिट कंपनीच्या अहवालात ‘सेटल्ड’ अशी नोंद पडते आणि पुढचा सावकार ती बघून दचकतो. जमत असेल तर पूर्ण भरा आणि ‘येणे बाकी नाही’ असं पत्र घ्या. महिना-दीड महिन्यानं क्रेडिट रिपोर्ट काढा. प्रत्येक क्रेडिट कंपनीकडून वर्षाला एक फुकट मिळतो. चुकीची नोंद कळवल्यावर ३० दिवसांत निकाल लागला नाही तर दिवसाला १०० रुपये भरपाई आहे.

थेट लोकपालाकडे धावणं

बँकेकडे आधी लेखी तक्रार केली नसेल तर लोकपाल, म्हणजे बँकांविरुद्धच्या तक्रारी ऐकणारा रिझर्व्ह बँकेचा अधिकारी, तुमचा अर्ज फेटाळतो. तक्रार क्रमांक घ्या, ३० दिवस थांबा. उत्तर आलं नाही किंवा पटलं नाही तर रिझर्व्ह बँकेच्या सीएमएस या तक्रार पोर्टलवर अर्ज करा. अडलं तर १४४४८ या हेल्पलाइनवर विचारा. फी नाही. वकिलामार्फत केलेली तक्रार चालत नाही, आणि तोच विषय कोर्टात किंवा ग्राहक आयोगात असेल तरीही चालत नाही. कागदांच्या भरपाईचा अर्ज असेल तर फोरक्लोजरची पावती, मेल आणि कागद मिळाल्याची तारीख असलेली पोच, ही तिन्ही जोडा.