सह्यांचं निवेदन: ‘प्रति’च्या पुढे काय लिहाल?

पहिला मोठा पाऊस झाला की आमच्या कॉलनीच्या ग्रुपवर कुणीतरी लिहितं, “चला, एक निवेदन देऊ या.” खाली अंगठ्यांची रांग लागते आणि रविवारी सकाळी माझा फोन वाजतो. “दादा, तुम्ही देत असता ना निवेदनं? एक फॉरमॅट टाका ना.”

फॉरमॅट मी कुणालाही पाठवत नाही. गाळलेल्या जागा भरल्या की निवेदन झालं असं लोकांना वाटतं, आणि नेमकी जी जागा डोकं लावून भरायची ती घाईत भरली जाते. नाशिकमध्ये पथदिवे, ड्रेनेज, बसथांबा, गोदावरीतल्या पाणवेली, कांदा, अशा सगळ्यांवर मी कागद दिलेत. काही कामं झाली, बरीच झाली नाहीत. न झालेल्यांपैकी निम्मी तरी पहिल्याच ओळीत फसली होती.

आधी मागणी. एकच.

“परिसरातील विविध समस्यांबाबत” असा विषय लिहिलात की कागद गेलाच म्हणून समजा. महापालिकेत बांधकाम वेगळं, विद्युत वेगळं, पाणीपुरवठा वेगळा, उद्यान वेगळं. अकरा मागण्यांचा कागद ज्याच्या टेबलावर पडतो तो आपल्यापुरता शेरा मारतो, उरलेल्या दहांना वाली नसतो. अकरा मागण्या असतील तर अकरा कागद द्या.

मागणी पूर्ण झाली की नाही हे शाळेतल्या पोरालाही सांगता आलं पाहिजे. “रस्त्यावरील प्रकाशव्यवस्था सुधारावी” यातून काहीच हाती लागत नाही. “अमुक चौक ते तमुक शाळा या रस्त्यावरील नऊ पथदिवे बंद आहेत, खांब क्रमांक सोबत जोडले आहेत, ते सुरू करावेत” असं लिहा. खांबांवर नंबर रंगवलेले असतात. संध्याकाळी फिरायला जाता तेव्हा टिपून घ्या.

आता ‘प्रति’

इथे मी स्वतः तोंडघशी पडलो आहे, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

माझ्या पहिल्या मोठ्या निवेदनावर ४१२ सह्या होत्या. आमच्या कॉलनीतून मोठ्या रस्त्याला लागताना दुभाजकात एक कट होता, लोकांनीच फोडून केलेला. आठवड्याला एक तरी गाडी तिथे आडवी व्हायची. तो कट बंद करा, एवढीच मागणी. चार रविवार दारोदार हिंडलो आणि ज्या मोठ्या साहेबांचं नाव पेपरात वाचलं होतं त्यांच्या नावाने निवेदन दिलं. फोटो निघाला, छापूनही आला. साडेपाच महिन्यांनी दोन ओळींचं पत्र आलं: “सदर रस्ता या कार्यालयाच्या अखत्यारीत येत नाही. सबब आपले निवेदन उचित कार्यवाहीसाठी संबंधित विभागाकडे वर्ग करण्यात येत आहे.” संबंधित विभाग कोणता, ते लिहिलेलं नव्हतं. मी दोन कार्यालयांत चौकशी केली. दोन्हीकडे टपालात नोंद नाही. त्याच पावसाळ्यात त्या कटपाशी आमच्या दूधवाल्याचा पाय मोडला.

हे सगळं शेजारच्या नानांना सांगितलं. नाना ओव्हरसीयर म्हणून निवृत्त झालेले. त्यांनी चहा संपवला आणि विचारलं, “अहो, दगड बघितला होता का?”

रस्त्याकडेच्या किलोमीटरच्या दगडाचं डोकं पिवळं असेल तर तो राष्ट्रीय महामार्ग. हिरवं असेल तर राज्य महामार्ग. केशरी असेल तर ग्रामसडक योजनेतला रस्ता. हे मला चाळिशीत कळलं. अर्थात शहरात दगड सापडतोच असं नाही, पेव्हर ब्लॉकखाली नाहीतर टपरीमागे गेलेला असतो. मग कामाचा फलक शोधा. काम कुठल्या विभागाने काढलं ते त्यावर असतं. तोही नसेल तर माहिती अधिकारात अर्ज करा. त्यात “हा रस्ता कोणाचा?” असं विचारू नका, त्याला “अशी माहिती संकलित नाही” असं उत्तर येऊ शकतं. “या रस्त्याच्या शेवटच्या डांबरीकरणाच्या कार्यारंभ आदेशाची (वर्क ऑर्डरची) प्रत द्या” असं मागा. ज्याने आदेश काढला, त्याचा रस्ता. दहा रुपये फी, तीस दिवसांची मुदत. दोन कार्यालयांवर संशय असेल तर दोन्हीकडे टाका, वीस रुपये गेले समजा. महिना लांब वाटतो, पण माझे साडेपाच गेले होते.

रस्त्याचं जे, तेच बाकी सगळ्याचं. गोदावरी घ्या. पाणवेली आणि नाल्यांतून येणारं सांडपाणी महापालिकेकडे. कारखान्याचं रसायनमिश्रित पाणी महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळाकडे. गंगापूर धरणाचा विसर्ग आणि पूररेषा जलसंपदा विभागाकडे. “गोदामाई वाचवा” असा एकच कागद तिघांना दिलात तर प्रत्येक जण उरलेल्या दोघांकडे बोट दाखवतो, आणि गंमत म्हणजे तिघांचंही खरं असतं. रस्त्यावरचा दिवा गेला तर महापालिका, सगळ्या गल्लीची वीज गेली तर महावितरण. शाळा शहरातली असेल तर महापालिकेची की खासगी ते बघा, गावातली असेल तर बहुधा जिल्हा परिषदेची. त्यात आता २०२७ च्या कुंभमेळ्यासाठी वेगळं प्राधिकरण झालंय. घाटांचं किंवा कुंभातल्या रस्त्यांचं काही असेल तर त्यांना प्रत गेलीच पाहिजे, नाहीतर “ते काम कुंभात धरलंय” या एका वाक्यावर तुमचा कागद थांबतो.

दुसरं, ‘प्रति’मध्ये पदनाम लिहा. माणसाचं नाव नको. साहेबांची बदली झाली की त्यांच्या नावाचा कागद पोरका होतो.

तिसरं, आणि यावर लोक माझ्याशी भांडतात: थेट मुख्यमंत्र्यांना लिहू नका. मुख्यमंत्र्यांना दिलेला कागद मंत्रालयातून महापालिकेत, तिथून विभागीय कार्यालयात, एकेक पायरी उतरत शेवटी ज्या उपअभियंत्याच्या टेबलावर येतो तो तुमच्या घरापासून दोन किलोमीटरवर बसलेला असतो. नाशिक महापालिकेची सहा विभागीय कार्यालयं आहेत: पूर्व, पश्चिम, पंचवटी, नाशिकरोड, सिडको, सातपूर. ज्याच्या सहीने काम होऊ शकतं अशा सगळ्यांत खालच्या अधिकाऱ्याला मूळ कागद द्या आणि वरच्यांना ‘माहितीसाठी प्रत’. नगरसेवकालाही प्रत द्या. मार्च २०२२ नंतर कित्येक वर्षं इथे नगरसेवकच नव्हते, प्रशासक होते. तेव्हाही खालच्या टेबलावर दिलेले कागद हलत होते.

विषय दिल्लीचा असेल तर ‘प्रति’ आणखी नेमकं लागतं. कांद्याची निर्यातबंदी डिसेंबर २०२३ मध्ये आली आणि मे २०२४ मध्ये उठली ती चाळीस टक्के शुल्क लावून. ते शुल्क पूर्ण जायला १ एप्रिल २०२५ उजाडला. या काळात लासलगाव-निफाडकडून किती निवेदनं गेली असतील! त्यातली काही मी वाचली आहेत. “जिल्हाधिकाऱ्यांनी निर्यातबंदी त्वरित उठवावी” असं लिहिलेलं. जिल्हाधिकारी कुठून उठवणार? बंदी घालणं-उठवणं वाणिज्य मंत्रालयाखालच्या विदेश व्यापार महासंचालनालयाचं, शुल्क अर्थ मंत्रालयाचं. म्हणजे “बंदी उठवा” आणि “शुल्क हटवा” ही दोन वेगळी दारं. कागद देताना “प्रति, मा. केंद्रीय वाणिज्य मंत्री” आणि त्याखाली “मार्फत, मा. जिल्हाधिकारी, नाशिक” असं लिहा, म्हणजे तो पुढे पाठवायचा कागद आहे हे पहिल्या नजरेत कळतं.

खरोखर धोरण बदलायचं असेल तर संसदेच्या याचिका समित्या आहेत, हे फार थोड्यांना ठाऊक असतं. ठरावीक नमुना लागतो, आणि खासदारामार्फत द्यायचा तर त्याची प्रतिस्वाक्षरीही. कटकट आहे, पण माजी सैनिकांची ‘एक पद, एक निवृत्तिवेतन’ ही मागणी मान्य करा असा अहवाल २०११ मध्ये राज्यसभेच्या याचिका समितीनेच दिला होता, तोही अशाच एका अर्जावरून. समितीचे अध्यक्ष होते भगतसिंह कोश्यारी, जे पुढे आपल्याकडे राज्यपाल म्हणून आले.

इथेच दोन चुकीचे सल्ले निकालात काढतो. एक, “लोकशाही दिनात द्या.” जिल्हाधिकारी कार्यालयात महिन्याच्या पहिल्या सोमवारी लोकशाही दिन असतो, पण तिथे तक्रार वैयक्तिक स्वरूपाची लागते आणि अर्ज पंधरा दिवस आधी द्यावा लागतो. चारशे सह्या घेऊन गेलात तर त्याच सह्यांमुळे परत याल. दोन, “नोटीस निघालीय, निवेदन देऊ.” जाहीर नोटीस निघाली असेल तर निवेदन देऊ नका, ‘हरकत’ द्या, तोच शब्द विषयात लिहा आणि मुदतीच्या आत द्या. २०२५ च्या शेवटी तपोवनात साधुग्रामासाठी, म्हणजे कुंभातल्या साधूंच्या वस्तीसाठी, झाडं तोडायची नोटीस निघाली तेव्हा शेकडो लोकांनी हरकती घेतल्या, म्हणून सुनावणी घ्यावी लागली. मुदतीनंतरचं सुंदर निवेदन कुणी उघडतही नाही.

मजकूर

एक पान. काय आहे, कधीपासून, काय हवं. शेवटची ती ओळ, “अन्यथा तीव्र आंदोलन छेडण्यात येईल व होणाऱ्या परिणामांस प्रशासन जबाबदार राहील”, काढून टाका. कारकुनाला ती पाठ असते. मार्च २०१८ मध्ये आपल्या सीबीएस चौकातून शेतकरी खरोखर चालत निघाले, सहा दिवसांत मुंबई गाठली, आणि तेसुद्धा मागण्यांवर लेखी आश्वासन हातात पडल्यावरच उठले. तुमच्या मागे तेवढी माणसं असतील तर ओळ ठेवा.

सह्या

प्रत्येक पानाच्या माथ्यावर विषय आणि मागणी छापलेली हवी. कोऱ्या पानावर सह्या घेऊ नका आणि देऊही नका, ते पान कशालाही जोडता येतं. अनुक्रमांक, नाव, घराचा पत्ता, सही, एवढं पुरे. मोबाईल नंबर फक्त पुढाकार घेणाऱ्या दोघांचे. एका काकूंनी घरातल्या सहाही जणांच्या सह्या एकाच वळणात ठोकल्या होत्या, वर “अहो, सगळ्यांचं मत एकच आहे,” म्हणाल्या. असेल, पण ते पान फाडावं लागलं. कटशी ज्यांचा रोजचा संबंध अशा चाळीस घरांच्या सह्या मला गावभरच्या चारशेंपेक्षा जास्त उपयोगी पडल्या. ऑनलाइन याचिका करायची तर करा, बातमीला बरी. तिला आवक क्रमांक मिळत नाही.

पोच

दोन प्रती न्या. एक त्यांची, एक तुमची. साहेबांच्या हातात कागद देऊन फोटो काढण्यात लोक धन्यता मानतात आणि पोच न घेता घरी येतात. फोटोनंतर तो कागद साहेबांच्या टेबलावरच्या गठ्ठ्यात जातो, आवक नोंदवहीत चढेलच असं नाही.

सरळ आवक-जावकच्या खिडकीवर जा. बाई विचारतील, “झेरॉक्स आणलीय?” द्या. शिक्का मारतील. शाईचा पॅड सुकलेला असला की शिक्का अर्धाच उमटतो, कडेचं गोल दिसतं आणि तारीख नाही. तेव्हा लाजू नका. “ताई, जरा परत मारता का? आणि आवक नंबर हाताने टाका ना,” असं म्हणायचं. कुरकुरतात, पण टाकतात. शिक्का, तारीख, आवक क्रमांक, सही, या चार गोष्टी असल्याशिवाय खिडकी सोडायची नाही. जेवणाची सुट्टी होते म्हणून साडेबाराच्या आत पोहोचा.

नवीन काम मागायचं असेल, म्हणजे पैशांची तरतूद लागणार असेल, तर दिवाळीनंतर लगेच द्या. अंदाजपत्रक तयार होत असताना पोहोचलेल्या कागदाला जागा मिळू शकते, एप्रिलमध्ये आलेल्याला “पुढील वर्षी” असं उत्तर.

पाठपुरावा

पंधरा दिवसांनी दुसरं पत्र. त्यात नवीन काही लिहायचं नाही, फक्त “संदर्भ: आमचे दि. अमुकचे निवेदन, आवक क्र. तमुक” आणि कोणती कार्यवाही झाली ते कळवा, एवढंच. सरकारी कार्यालय असेल तर दप्तर दिरंगाईचा २००५ चा कायदा आठवण म्हणून नमूद करा. एका टेबलावर फाईल साधारणपणे सात कामकाजाच्या दिवसांपेक्षा जास्त राहू नये असं त्यात आहे.

महिन्याने माहिती अधिकारात आपल्याच निवेदनावरच्या टिपणीची प्रत मागा. मी हे तिसऱ्या निवेदनापासून करायला लागलो. टिपणीत खरं काय अडलंय ते असतं, जे तोंडी कुणी सांगत नाही. आमच्या कटच्या दुसऱ्या निवेदनावर, म्हणजे योग्य कार्यालयात गेलेल्या, टिपणी होती: “वाहतूक पोलिसांचा अभिप्राय आवश्यक.” तो अभिप्राय मागणारं पत्रच गेलं नव्हतं. ती टिपणी जोडून मी वाहतूक शाखेत एक अर्ज दिला, त्याची पोच पहिल्या कार्यालयात नेऊन दिली. सात आठवड्यांनी एका सकाळी चार माणसं आणि सिमेंटचे ठोकळे घेऊन टेम्पो आला.

कट बंद झाला. पलीकडच्या कॉलनीतल्यांनी तो उघडण्यासाठी निवेदन दिलं, तेही योग्य कार्यालयात. फॉरमॅट कुणी दिला ते मला माहीत आहे.